ओळखीतल्या लेकीला मारहाण होतेय, सोलापुरात नेमकं जायचं कुठं?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या लेकीबद्दल विचारायचंय. लग्नाला काही वर्षं झालीत, एक मूल आहे. नवरा आधी यंत्रमागावर होता, आता घरीच असतो. ती विड्या वळते आणि घर त्या मजुरीवर चालतं. मारहाण पूर्वीपासून होती, आता पैशावरून रोजचंच झालंय. मजुरी तिच्या खात्यावर जमा होते, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात.

नेटवर बघितलं तर नावांचा पाऊस. सखी केंद्र, संरक्षण अधिकारी, महिला कक्ष, विधी सेवा, दोन-तीन हेल्पलाइनी. एका कार्यालयात फोन लावला तर म्हणाले, "बाईंना पाठवून द्या, दहा ते पाच." दहा ते पाच ती कारखान्याला माल देऊन येते आणि उरलेल्या वेळात विड्या वळायला सुपावर बसलेली असते. रात्री अकराला झालं तर काय करायचं? आणि तिला मराठी जेमतेम येतं, घरात तेलुगू. पहिली पायरी कुठली, तेवढं सांगा. कायद्याचं व्याख्यान नको.

शेंगाचटणी
पहिली पायरी: नवऱ्याला अर्ध्या तासासाठी विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) चार अक्कांच्या ताब्यात द्यायचं. परत येईल तेव्हा कार्डाचा पिनसुद्धा पाठ म्हणून दाखवेल.

(गंमत केली. खरं उत्तर वकीलकाकू देतील, थांबा.)

संपादक
सातरस्ता, मूळ पोस्टमध्ये गल्लीचं आणि कारखान्याचं नाव होतं, ते काढलंय. शहराच्या पूर्व भागात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. इतरांनीही आपापले अनुभव सांगताना हे ध्यानात ठेवा.

पूर्वभाग_अण्णा
लगेच पोलीस-कोर्ट म्हणू नका. आमच्याकडं आधी समाजाची चार मोठी माणसं बसवतात. दोन्हीकडचे मामा, काका येतात, नवऱ्याला समोर घेतात. नव्वद टक्के भानगडी तिथंच मिटतात. कोर्टात गेलं की संसार गेलाच म्हणून समजा.

कुंभारीची_पोर
अण्णा, तुमचा मान ठेवून बोलते. मिटतात की दाबल्या जातात? आमच्या ओळीतल्या एका अक्काची बैठक मी बघितलीय. नवऱ्यानं कान धरले, सगळ्यांनी चहा घेतला, कागदावर लिहिलं की "यापुढे दोघंही नीट वागतील." दोघंही! मार तिनं खाल्ला आणि नीट दोघांनी वागायचं. महिन्याभरात पुन्हा तेच. आणि दुसऱ्यांदा ती बोलायला गेली तर तीच मोठी माणसं म्हणाली, एकदा बसलो की, किती वेळा बसायचं.

पूर्वभाग_अण्णा
सगळ्या बैठका तशा नसतात, पोरी.

कुंभारीची_पोर
नसतील. पण त्या कागदावर सही-शिक्का कुणाचाच नव्हता. नवऱ्यानं मोडला तर विचारणार कोण? कोर्टाचा आदेश मोडला तर निदान शिक्षा तरी आहे.

वकीलकाकू
आले. व्याख्यान नको म्हणालात, पण थोडं ऐकावं लागेल, कारण पहिली पायरी कुठली ते त्यातूनच ठरतं.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. मारणं तर त्यात येतंच. पण बाईची मजुरी काढून घेणं, कार्ड दाबून ठेवणं, स्त्रीधन विकणं हेही त्यात आर्थिक छळ म्हणून येतं. तिच्या बाबतीत हा मुद्दा मारहाणीइतकाच पक्का आहे, कारण पैसे कधी आले आणि कधी काढले ते पासबुकात छापलेलं असतं.

सोय अशी की तक्रार करायला तिनंच जायला हवं असं नाही. कलम ४ प्रमाणे, हिंसा होतेय असं वाटणारा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर फौजदारी-दिवाणी काही होत नाही. म्हणजे सातरस्ता, तुम्ही स्वतः जाऊ शकता. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास खात्याकडचा असतो. तो तिचं म्हणणं ऐकून ठरलेल्या नमुन्यात घटनेचा अहवाल भरतो आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडं पाठवतो. त्याला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर द्यायचे नाहीत.

दंडाधिकारी काय देऊ शकतो? मारू नको, जवळ येऊ नको असा संरक्षण आदेश. घरातून हाकलता येणार नाही असा निवास आदेश. खर्चाला पैसे, मुलाचा ताबा, नुकसानभरपाई. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकायच्या आधीच अंतरिम आदेश होतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि अण्णा, हा अर्ज म्हणजे घटस्फोट नव्हे. पुष्कळ बायकांना नवरा हवा असतो, मार नको असतो. त्यांच्यासाठीच हा कायदा आहे.

तिरकस
काकू, कायद्यात म्हणे ६० दिवसांत निकाल. आमच्या चुलतबहिणीच्या मुलाची मुंज झाली, अर्ज अजून बोर्डावरच.

वकीलकाकू
"प्रयत्न करावा" असं लिहिलंय रे कायद्यात, आणि प्रयत्न काय, सगळेच करतात. म्हणूनच मूळ अर्जाबरोबर अंतरिम अर्ज लावायचा आणि पहिल्या तारखेपासून त्याच्यावरच जोर द्यायचा. निकालाची वाट बघत बसलेला वकील दिसला तर बदला.

वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर ती आत्ताच सोडा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दाखला आणा, दारिद्र्यरेषेचं कार्ड आणा, असलं काही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, साधा अर्ज द्यायचा. फोन १५१००.

सातरस्ता
हे उपयोगाचं आहे, काकू. रात्रीचं काय?

आशाताई_उत्तर
रात्री ११२. पोलिसांची गाडी येते. आमच्या वस्तीत आम्ही बायकांना एवढंच शिकवलंय: पत्ता आधी सांगायचा, रडायचं नंतर. फोन हिसकावला तरी पत्ता गेलेला असतो. १८१ ही महिला हेल्पलाइन, तिथं बोलून पुढं कुठं जायचं ते विचारता येतं. समोर हात उगारलेला असेल तर मात्र ११२ च.

गाडी आल्यावर पोलीस बहुतेक वेळा दोघांना समजावतात आणि जातात. तसं झालं तरी फोन वाया गेला असं समजू नका. कॉलची नोंद राहते, पुढं कामाला येते.

सिव्हिलमधला
मी सिव्हिलला नोकरीला आहे, कुठल्या विभागात ते नको. एकच गोष्ट सांगतो, फार बायकांची केस इथंच पडते.

बाई येते. डोळ्याखाली काळं-निळं, हातावर वळ. डॉक्टर विचारतात काय झालं. शेजारी सासू किंवा नणंद उभी. बाई म्हणते, "मोरीत पाय घसरला." केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि वर्षभरानं कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात उभा राहतो. डॉक्टरांना सांगा, बाईशी एकटीशी बोलायचंय म्हणून. तिनं "नवऱ्यानं मारलं, अमक्या वस्तूनं मारलं, अमुक वेळी मारलं" असं सांगितलं की एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद, होते, जखमेचं माप, रंग, जागा सगळं उतरतं. तपासणीचा कागद मागून घ्या. जुना वळ आणि नवा वळ वेगवेगळे लिहायला सांगा, ते फार महत्त्वाचं आहे.

एमएलसी केली म्हणजे लगेच नवऱ्याला उचलून नेतात असा समज आहे. तसं नसतं. पोलिसांना कळवलं जातं, ते जबाबाला येतात, पुढचं तिच्या जबाबावर. आणि या २००५ च्याच कायद्यानं दवाखान्याला तिला उपचार नाकारता येत नाहीत.

पंढरपूरकरीण
सिव्हिलमधला यांना अनुमोदन. माझ्या मावसबहिणीच्या वेळी एका खाजगी दवाखान्यानं "पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. रक्त येत होतं तरी.

वकीलकाकू
बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितेला तर सरकारी-खाजगी कुठल्याही रुग्णालयानं मोफत प्रथमोपचार करायलाच हवेत, नाकारले तर तो गुन्हा. आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसीत) होतं, आता नव्या संहितांत आहे.

जुळेसोलापूरकर
सगळे एकाच बाजूनं बोललालाव. ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, गैरवापर होतो त्याचं काय? आमच्या अपार्टमेंटमधल्या एका पोराचं अख्खं कुटुंब, अमेरिकेतल्या बहिणीसकट, नावं घातली होती. पुरुषांनी कुठं जायचं?

तिरकस
पुरुषांनी पार्क चौपाटीवर जायचं. तिथं सगळ्यांचं दुःख ऐकायला भेळवाला असतो.

वकीलकाकू
तिरकस, गप्प रे. प्रश्न रास्त आहे. ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, १ जुलै २०२४ पासून. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं की अशा गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, कारण लिहून मगच. सरसकट सगळ्या नातेवाइकांची नावं घातलेली प्रकरणं उच्च न्यायालयं रद्द करतातच. पुरुषाला मारहाण झाली तर मारहाणीची साधी कलमं त्यालाही लागू आहेत, ११२ त्यालाही आहे. तुमच्या अपार्टमेंटमधल्या पोरावर अन्याय झाला असेल. पण त्यामुळं सुपावर बसलेल्या पोरीचं कार्ड तिच्या हातात कसं येणार, ते सांगा.

जुळेसोलापूरकर
तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त मुद्दा मांडला.

नीलमनगर_७०फूट
तृतीयपंथीयांचं कुणी बोलतच नाही. २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या हिंसेला सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या तशाच अत्याचाराला किती, ते बघा आणि तुलना करा. असो, विषयांतर.

बार्शीकर
सोलापूर म्हणजे सोलापूर शहर नव्हे हो! अकरा तालुके आहेत. अकलूजची किंवा करमाळ्याची बाई मूल कडेवर घेऊन एसटीनं शंभर-सव्वाशे किलोमीटर येणार, साहेब मीटिंगला गेलेत म्हणून परत जाणार. तालुक्याला काय आहे ते सांगा.

आशाताई_उत्तर
दादा, संरक्षण अधिकारी तालुक्यालाही असतात. पंचायत समितीत किंवा एकात्मिक बालविकासच्या कार्यालयात चौकशी करा. अंगणवाडी सेविकेला विचारलं तर ती नावासकट सांगेल, तिला मीटिंगचे वारसुद्धा पाठ असतात. मोफत वकिलासाठी तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, सोलापूरला यायची गरज नाही.

कुंभारीची_पोर
हद्दीचा घोळ आमच्याकडं विचारा. गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, कामगार सगळे सोलापूरचे, कारखाने सोलापुरात, पण गाव कुंभारी. म्हणजे शहर पोलीस आयुक्तालय नव्हे, ग्रामीण पोलीस, वळसंग ठाणं. बाई घाबरून माहेरी अशोक चौकात पळून येते, तिथलं ठाणं म्हणतं वळसंगला जा. वळसंगला जायचं म्हणजे सासरच्या दारावरनंच जायचं.

वकीलकाकू
हे मात्र कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहिते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टातही चालतो. माहेर, बहिणीचं घर, कामाचं ठिकाण, काहीही. छळाच्या गुन्ह्याबाबतही सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलं की बाई आसरा घ्यायला जिथं आली तिथं तक्रार करता येते. आपल्याकडं याचं महत्त्व फार, कारण सोलापूरच्या निम्म्या मुली कलबुर्गी, विजयपूर, हैदराबादकडं दिलेल्या असतात. राज्य बदललं तरी माहेरी सोलापुरात तक्रार होते. आणि हद्द नसली तरी ठाण्यानं झीरो एफआयआर घ्यायचा आणि पुढं पाठवायचा, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्येच आहे.

पूर्वभाग_अण्णा
हे माहीत नव्हतं. माझ्या मेव्हण्याच्या मुलीला तेलंगणात चकरा मारायला लावल्या होत्या, तिथलीच केस म्हणून.

शेंगाचटणी
अण्णा, म्हणजे बैठकीत बसवलं नव्हतं तिला?

पूर्वभाग_अण्णा
बसवलं होतं. म्हणूनच सांगतोय.

सातरस्ता
समजा ती बाहेर पडली. राहणार कुठं? मावशींकडं दहा बाय दहाची खोली, तीत आधीच पाच माणसं. सखी केंद्रात राहता येतं ना?

आशाताई_उत्तर
येतं, पण साधारण पाच दिवस. सखी वन स्टॉप सेंटर २०१५ पासून निर्भया निधीतून आली. एकाच छताखाली पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशक आणि तात्पुरता निवारा अशी कल्पना. पहिल्या रात्रीसाठी चांगलं आहे, मी बायका नेऊन सोडल्यात. पण पाच दिवसांनी सहावा येतोच. पुढं शक्ती सदन, म्हणजे आधीची स्वाधार-उज्ज्वला गृहं एकत्र केली ती. तिथं जास्त दिवस राहता येतं. पण विडीवाली बाई तिकडं गेली की तिचा कारखाना सुटतो. पानं-तंबाखू मिळण्याचं ठिकाण सुटलं की मजुरी गेली. म्हणून आमच्या बायका निवाऱ्यापेक्षा मार परवडला म्हणतात, आणि बाहेरचे म्हणतात, "एवढं होऊन ती जात का नाही?"

वकीलकाकू
अगदी बरोबर. म्हणूनच निवास आदेश हा माझ्या मते या कायद्यातला सगळ्यात मोलाचा भाग. बाहेर तिनं का जायचं? कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती राहत असलेलं ते सामायिक घर ठरू शकतं, हे २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालानं स्पष्ट झालंय. घराचा मालक कोण, हा पहिला प्रश्नच नाही.

मोदी_खानावळ
मनोधैर्य योजनेतून पैसे मिळतात ना तिला?

वकीलकाकू
नाही. २०१३ ची ती योजना बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिडहल्ला अशा गुन्ह्यांसाठी आहे, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. तीही आता विधी सेवा प्राधिकरणामार्फतच. घरच्या मारहाणीला ती लागू नाही. हिला खर्च हवा तर याच अर्जात मागायचा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबवू नये.

तिरकस
या गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या पोरांसाठी माईकवरून पुकारतात तसं एखादं केंद्र असतं तर बरं. "लाल साडीतली बाई, वय अमुक, हिचं एटीएम कार्ड नवऱ्याकडं आहे, कृपया होम मैदानावर आणून द्यावं."

आशाताई_उत्तर
हसू आलं. पण कार्डासाठी माईक नको, बँकेच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करता येतं. नवं कार्ड मात्र घरच्या पत्त्यावर मागवायचं नाही, शाखेत जाऊन हातात घ्यायचं. आधी पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घ्यायचा, नाहीतर ओटीपी नवऱ्याच्या फोनवर! कार्ड बंद झालं हे त्याला कळलं की त्या रात्री भडका उडतो, हेही धरून चाला. बंद करायचा दिवस नीट निवडा.

कुंभारीची_पोर
भाषेचं मी सांगते. सरकारी कार्यालयात आमच्या बायका गप्प बसतात त्याला साहेब "सांगायची इच्छा नाही" म्हणतात. तसं नसतं. "कोट्टिनाडु" म्हणजे मारलं, एवढं ती बोलते, पण त्याच्या पुढचं, कुठल्या वस्तूनं, कुठं, लाज वाटावी असं काय केलं, ते परक्या भाषेत सांगता येत नाही. आणि दुभाषी म्हणून नात्यातलीच कुणीतरी आणतात, तिच्यासमोर तर बिलकुल नाही. जबाब मराठीत लिहिला तर सही करायच्या आधी तिला तिच्या भाषेत वाचून दाखवायला लावा. मी यायला तयार आहे, संध्याकाळी सहानंतर. सातरस्ता, खासगी निरोप करा.

सातरस्ता
निरोप केलाय. आज मावशींशी बोलले. लेक म्हणते, आत्ता पोलीस नको, पण कागद तयार ठेवते. तिनं आधार, पासबुक, मुलाचा जन्मदाखला आणि विडीचं कार्ड एका पिशवीत घालून मावशींकडं पाठवलंयसुद्धा. पिशवी कारखान्याच्या पानांच्या गठ्ठ्याबरोबर आली, नवऱ्याला वाटलं माल चाललाय. सोमवारी मी स्वतः संरक्षण अधिकाऱ्याकडं जाऊन लेखी कळवणार. तिचं नाव त्यात आलं की नवऱ्याला नोटीस जाईल का लगेच?

वकीलकाकू
तुमच्या माहितीवरून आपोआप नोटीस जात नाही. कोर्टात अर्ज दाखल होऊन दंडाधिकाऱ्यानं तारीख लावली की समोरच्याला नोटीस जाते. तिनं हो म्हटल्याशिवाय अर्ज पुढं सरकवू नका असं संरक्षण अधिकाऱ्याला लेखी लिहा आणि पोचपावती घ्या. मी त्या दिवशी कोर्टातच आहे, दुपारी दोननंतर मोकळी.

पूर्वभाग_अण्णा
काही कागद तेलुगूत लिहायचे असतील तर मला सांगा. आमच्या मंडळात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, दोघीही बोलायला कडक. आणि त्या नवऱ्याचा मामा कोण ते कळलं तर मी... बरं, नको. नाव नको. संपादक ओरडतील.

संपादक
ओरडेनच.

सिव्हिलमधला
सातरस्ता, अजून एक. अंगावर आत्ता वळ असतील तर सोमवारपर्यंत थांबू नका, कॅज्युअल्टी रविवारीही चालू असते. तारीख आणि वेळ असलेला केसपेपर घ्या. पुढं एफआयआर केलाच तर त्याची प्रत तिला फुकट मिळते. ठाण्यातून निघायच्या आधी मागून घ्या.